जुन्या फियाटच्या इंजिनातला अनोळखी आवाज कसा शोधावा

कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यातून १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट, पुढे प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७० च्या दशकाच्या मध्यापासून प्रीमियर पद्मिनी या नावांनी जी गाडी बाहेर पडत राहिली, तिचे पेट्रोल इंजिन मुळात एकच होते. ते १०८९ सीसीचे, चार सिलिंडरचे आणि तीन मेन बेअरिंगांचे आहे, म्हणजे पिस्टनांनी फिरणारा मुख्य शाफ्ट (क्रँक) तीन ठिकाणी पेललेला असतो. त्याचा कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये बसलेला असून तो टायमिंग चेनने फिरतो आणि पुशरॉड व रॉकर यांच्यामार्फत हेडमधले व्हॉल्व्ह उघडतो. आजच्या गाडीप्रमाणे यात संगणक नाही, दोषाचा आकडा दाखवणारे यंत्र जोडायला जागा नाही. या इंजिनाला जे सांगायचे असते ते ते आवाजाने, धुराने आणि तेलाने सांगते. मुंबईच्या रस्त्यांवरून काळी-पिवळी पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर निवृत्त झाली आणि केवळ कानाने दोष ओळखणारे मेकॅनिकही गॅरेजांतून कमी होत चालले आहेत. त्यामुळे अशी गाडी नव्याने घेतलेल्या माणसाला हे कसब थोडेफार स्वतःलाच शिकावे लागते.

हा लेख पद्मिनीच्या पेट्रोल इंजिनाला धरून लिहिला आहे; पुशरॉडच्या इतर जुन्या इंजिनांनाही, म्हणजे अँबेसेडर किंवा हेराल्ड यांनाही, यातली पद्धत बहुतांशी लागू पडते. इथे इंजिन उघडून दुरुस्त करणे अपेक्षित नाही. आवाज नेमका कशाचा आहे, गाडी चालवत राहणे योग्य आहे की नाही, आणि मेकॅनिककडे गेल्यावर काय सांगायचे, एवढे ठरवता आले तरी हजारो रुपयांचे अनावश्यक काम टळते. टॅपेटच्या, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या रॉकरच्या फटीतल्या, आवाजाला बेअरिंगचा आवाज समजून पूर्ण इंजिन खाली उतरवल्याची आणि त्याउलट बेअरिंगच्या ठोक्याला टॅपेट समजून क्रँक खराब होईपर्यंत गाडी हाकल्याची उदाहरणे जुन्या गाड्यांच्या वर्तुळात नेहमीच ऐकू येतात.

आवाज कुठून येतो, हे नंतर. तो कधी येतो, हे आधी

नवखा माणूस बोनेट उघडतो आणि लगेच आवाजाची जागा शोधू लागतो. ही घाई बहुधा फसवते, कारण ओतीव लोखंडाच्या ब्लॉकमधून आवाज दूरवर जातो आणि पुढच्या टायमिंग कव्हरमागची खडखड मधल्या सिलिंडरपाशी ऐकू आल्यासारखी वाटते. त्याऐवजी बोनेट बंद ठेवूनच एक वही घ्यावी आणि काही प्रश्नांची उत्तरे लिहून काढावीत. आवाज सकाळी इंजिन थंड असताना येतो की गरम झाल्यावर? गरम झाल्यावर तो वाढतो, कमी होतो की तसाच राहतो? स्लोवर (अॅक्सिलरेटरला पाय न लावता) येतो, रेस केल्यावर येतो, की रेस सोडताना येतो? गाडी उभी असतानाही येतो, की इंजिनावर भार पडल्यावरच, म्हणजे चढावर किंवा टॉप गिअरमध्ये पिकअप घेतानाच येतो? क्लच दाबल्यावर त्यात काही फरक पडतो का? आणि शेवटचा प्रश्न, जो पुष्कळ जण विसरतात: हा आवाज हळूहळू वाढत आला, की एखाद्या कामानंतर, सर्व्हिसिंगनंतर किंवा लांबच्या प्रवासानंतर अचानक सुरू झाला?

ही उत्तरे मिळवण्यासाठी गाडी थोडी चालवावी लागते. एखाद्या लांब कंपाउंडच्या भिंतीशेजारून खिडक्या उघड्या ठेवून संथ गतीने जावे. भिंतीवरून परतणारा आवाज मोकळ्या रस्त्यावरच्यापेक्षा कितीतरी स्पष्ट ऐकू येतो. इंजिनाचा आवाज आणि चाकांचा किंवा मागच्या डिफरन्शियलचा आवाज वेगळे करायचे असतील तर सपाट, रिकाम्या रस्त्यावर गाडी वेगात असताना क्लच दाबून अॅक्सिलरेटर सोडावा. इंजिन स्लोवर आले तरी आवाज गाडीच्या वेगाबरोबरच चालू राहिला, तर तो इंजिनातला नाही आणि पुढची सगळी तपासणी दुसरीकडे करायला हवी.

एक अपवाद मात्र सुरुवातीलाच सांगतो. आवाज जड, खोल आणि ठोक्यासारखा असेल, भार पडला की वाढत असेल किंवा त्याच वेळी डॅशबोर्डवरचा तेलाचा लाल दिवा लुकलुकत असेल, तर ही चाचणी करू नये. इंजिन तिथल्या तिथे बंद करावे आणि गाडी ओढून न्यावी.

हात लावण्यापूर्वी

बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून आवाज ऐकणे जिवावर बेतू शकते, कारण सायलेन्सरमधून येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गाडी उघड्यावर घ्यावी, सपाट जागी उभी करावी, हँडब्रेक ओढून चाकांना दगड लावावेत आणि गिअर न्यूट्रलमध्ये असल्याची खात्री करावी. पद्मिनीचा पंखा थेट वॉटर पंपाच्या शाफ्टवर असतो आणि इंजिन चालू असेपर्यंत तो फिरतच राहतो. बाहीची सैल टोके, ओढणी, गळ्यातली साखळी, मोबाइलच्या चार्जरची लोंबती वायर यांपैकी काहीही त्याच्या जवळ जाता कामा नये. घड्याळ व अंगठी काढून ठेवावी, कारण बॅटरीच्या टोकाला आणि बॉडीला एकाच वेळी टेकलेली अंगठी क्षणात लाल होते.

तेल पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये

इंजिन बंद करून दहा मिनिटे थांबावे आणि तेलाची पट्टी बाहेर काढावी. पातळी कमी असेल तर आधी ती पुरी करावी आणि आवाज पुन्हा ऐकावा. पातळी ठीक असली तरी तपास तिथे संपत नाही. पट्टीवरचा थेंब अंगठा आणि तर्जनी यांमध्ये चोळून पाहावा व नाकाशी न्यावा. या इंजिनाचा पेट्रोल पंप ब्लॉकच्या बाजूला बसवलेला असून तो कॅमशाफ्टवरून चालतो, आणि त्याच्या आतला रबरी पडदा फाटला तर पेट्रोल थेट चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्यात, उतरते. अशा वेळी तेलाची पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसते आणि मालक निश्चिंत होतो. प्रत्यक्षात तेल पाण्यासारखे पातळ झालेले असते, बेअरिंगांना आधार देणारा थर टिकत नाही आणि ठोका सुरू होतो. सध्या पंपावर मिळणारे २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल जुन्या रबराला मानवत नाही, त्यामुळे पंपाचा पडदा आणि पेट्रोलचे पाइप नव्या पेट्रोलला टिकणाऱ्या रबराचे बसवलेले नसतील तर ही शंका आधी घ्यावी. पेट्रोलचा वास आला तर पंप दुरुस्त करून आणि तेल बदलूनच इंजिन पुन्हा सुरू करावे. तेल दुधाळ, कॉफीच्या रंगाचे दिसले तर त्यात पाणी गेले आहे आणि हेड गॅस्केटची तपासणी प्रथम व्हायला हवी.

तेलाच्या लाल दिव्यावर फार विसंबू नये. त्याचा स्विच दाब जवळजवळ नाहीसा झाल्यावरच दिवा लावतो. दाब निम्म्यावर आला असला तरी तो विझलेलाच राहतो. खरा दाब पाहायचा असेल तर ज्या भोकात तो स्विच बसतो तिथे तात्पुरता तेलाच्या दाबाचा गेज लावून घ्यावा. बहुतेक जुन्या गॅरेजांत तो असतो आणि काम काही मिनिटांचे असते. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर स्लोवर व रेसवर किती दाब येतो हे पाहून वहीत टिपावे. बेअरिंगवर संशय असेल तर या आकड्याइतका बोलका पुरावा दुसरा नाही.

इंजिनाबाहेरचे आवाज

इंजिनाला टांगलेल्या आणि जोडलेल्या वस्तूच अनेकदा अपराधी निघतात, म्हणून त्या आधी तपासाव्यात. एअर क्लीनरचा नट, बॅटरीची पट्टी, रेडिएटरचे बोल्ट, सायलेन्सरचे क्लॅम्प आणि नंबर प्लेट हाताने हलवून पाहावे. इंजिनाच्या रबरी माउंटिंगा दबल्या किंवा फाटल्या असतील तर स्लोवर सगळी गाडी धडधडते आणि रेस केल्यावर ती धडधड विरून जाते. सायलेन्सरच्या आतली जाळी सुटली असेल तर इंजिन बंद असताना त्यावर रबरी हातोड्याने हलके टकटक केले तरी आतून खुळखुळ ऐकू येते.

फॅन बेल्ट किंचाळत असेल तर बेल्टच्या आतल्या बाजूवर पाण्याचे दोन-चार थेंब टाकून पाहावेत. बारीक चिवचिव क्षणभर थांबली तर बेल्ट घासून गुळगुळीत झाला आहे किंवा पुलींची रेष जुळत नाही. किंचाळणे उलट वाढले तर बेल्ट सैल आहे. खरखर किंवा गुरगुर असेल तर संशय वॉटर पंपाच्या व डायनमोच्या बेअरिंगवर जातो, आणि त्याची चाचणी सोपी आहे. थंड इंजिनाचा फॅन बेल्ट उतरवावा, इंजिन सुरू करावे आणि अर्धा मिनिट ऐकून बंद करावे. बेल्टविना पाणी फिरत नाही, म्हणून त्याहून जास्त वेळ इंजिन चालवू नये. आवाज गेला असेल तर आता पंपाची पुली आणि डायनमोची पुली एकेक करून हाताने फिरवावी, पुढे-मागे हलवून पाहावी. पंपाच्या पुलीत खेळ जाणवला, किंवा पंपाच्या खालच्या छोट्या भोकातून पाणी गळल्याचा पांढरट डाग दिसला, तर पंप संपला आहे. बहुतेक जुन्या डायनमोंना मागच्या बाजूस तेल सोडण्याचे छोटे भोक असते, आणि त्यात वर्षानुवर्षे थेंबही न पडल्याने बुश ओरडत असतो.

गळका एक्झॉस्ट ही नवख्याला सर्वाधिक चकवणारी गोष्ट आहे. मॅनिफोल्डचे गॅस्केट थोडे उडाले की त्यातून निघणारी टकटक हुबेहूब टॅपेटसारखी ऐकू येते, तीही सिलिंडर हेडजवळूनच. फरक असा, की एक्झॉस्टचा आवाज भार पडल्यावर वाढतो आणि मॅनिफोल्ड तापून फुगल्यावर पुष्कळदा कमी होतो. इंजिन थंड असताना सुरू करून जोडाच्या कडेने हात थोडा दूर ठेवून फिरवला तर वाऱ्याची झुळूक लागते. तिथे काजळीचा काळा पट्टाही दिसतो. एखाद्याला जाड फडक्याने सायलेन्सरचे तोंड दोन-तीन सेकंद दाबून धरायला सांगितले तर गळतीचा आवाज लगेच मोठा होतो. याच्या उलट, कार्बोरेटरच्या खालच्या गॅस्केटमधून हवा आत ओढली जात असेल तर बारीक शिट्टी किंवा फुसफुस येते आणि इंजिन स्लोवर अस्थिर होते.

क्लचचा प्रश्न एका मिनिटात सुटतो. इंजिन स्लोवर, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून पेडल दाबावे व सोडावे. पेडल दाबल्यावर आवाज सुरू होत असेल तर तो रिलीज बेअरिंगचा, आणि दाबल्यावर थांबत असेल तर गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टच्या बेअरिंगचा असण्याची शक्यता मोठी.

कानाला लावायचा स्क्रू ड्रायव्हर

इतके करूनही आवाज उरला तर तो इंजिनाच्या आतला आहे असे धरून पुढे जावे. मेकॅनिकचा स्टेथोस्कोप स्वस्त मिळतो. तो नसेल तर लाकडी मुठीचा लांब स्क्रू ड्रायव्हर चालतो. त्याचे टोक धातूवर टेकवून मूठ कानामागच्या हाडाला लावावी. आधी जिथे काही बिघडलेले नाही अशी खात्री आहे तिथे ऐकून घ्यावे, म्हणजे निरोगी आवाज कसा असतो ते कळते, आणि मग टॅपेट कव्हर, टायमिंग कव्हर, पेट्रोल पंपाची बॉडी, ब्लॉकची बाजू आणि चेंबरची कड अशा क्रमाने उतरत यावे. प्रत्येक ठिकाणी काही ना काही ऐकू येतेच. महत्त्व आवाज असण्याला नसून तो कुठे सर्वांत तीक्ष्ण आहे याला असते. पेट्रोल पंपाचा दांडा झिजला असेल तर पंपाच्या बॉडीवर टिकटिक ठळक येते आणि दोन हात दूरवर टॅपेटसारखी भासते.

आता एक अशी युक्ती सांगतो जिचा उपयोग फार थोडे लोक करतात. इंजिनाचे काही भाग क्रँकच्या वेगाने चालतात, तर कॅमशाफ्टवर चालणारे भाग त्याच्या निम्म्या वेगाने. स्लोवर, मिनिटाला ८०० फेरे असताना, क्रँक सेकंदाला सुमारे १३ वेळा फिरतो आणि एकेक व्हॉल्व्ह सेकंदाला साडेसहा-सात वेळा उघडतो. हा फरक नुसत्या कानाला मोजता येत नाही, पण इग्निशनचे टायमिंग पाहायची लाइट जवळ असेल तर ती पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या वायरला लावावी. तो प्लग क्रँकच्या दर दोन फेऱ्यांना एकदा पेटतो, म्हणून लाइटही कॅमच्या वेगाने लुकलुकते. दर लुकलुकीला एक ठोका पडत असेल तर दोष बहुधा टॅपेट, रॉकर, पुशरॉड, कॅम किंवा पेट्रोल पंप यांपैकी कशाचा तरी आहे, आणि दर लुकलुकीला दोन ठोके असतील तर क्रँक, रॉड किंवा पिस्टनकडे बघावे लागेल. ठिणगी पडल्यावरच वाजणारा एखाद्या सिलिंडरचा ठोका कधी कधी लुकलुकीला एकच ऐकू येतो, म्हणून या चाचणीचा कौल पुढच्या चाचणीने ताडून घ्यावा.

टॅपेट

हलकी, कोरडी, एकसारखी टकटक, हेडच्या वरच्या भागात, रेस वाढवली की तितक्याच वेगाने वाढणारी आणि भाराने फारशी न बदलणारी, अशी असेल तर टॅपेट कव्हर उघडावे. त्याआधी आपल्या मॉडेलचे मॅन्युअल पाहून गॅपचा, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हचा दांडा यांमधल्या फटीचा, आकडा टिपून घ्यावा. इनलेट आणि एक्झॉस्ट यांची गॅप एकच आहे असे गृहीत धरू नये, आणि ती थंड इंजिनावर मोजायची की गरम, हेही तिथेच पाहावे.

कोणता टॅपेट वाजतो ते शोधण्यासाठी कव्हर काढून इंजिन अगदी संथ स्लोवर सुरू करावे. थोडे तेल उडते, म्हणून आजूबाजूला फडकी अंथरावीत. आता फीलर गेजचे (फट मोजायच्या पट्ट्यांच्या संचातले) पातळ पाते एकेका रॉकरच्या टोकाखाली, व्हॉल्व्हच्या दांड्यावर सरकवावे. ज्या रॉकरखाली पाते जाताच टकटक थांबते किंवा एकदम मऊ होते, तो आपला आहे. ही चाचणी मला सर्वांत आवडते, कारण तिच्यात अंदाजाला जागाच उरत नाही.

गॅप बसवताना इंजिन बंद असते आणि ज्या सिलिंडरची गॅप पाहायची त्याचे दोन्ही व्हॉल्व्ह पूर्ण मिटलेले असावे लागतात. चारही प्लग काढून, गाडी टॉप गिअरमध्ये घालून हळूच ढकलली की क्रँक हवा तेवढा फिरवता येतो. या इंजिनाचा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-४-२ आहे. पहिला आणि चौथा सिलिंडर एक जोडी, दुसरा आणि तिसरा दुसरी जोडी. चौथ्याचे एक्झॉस्ट मिटत असताना इनलेट उघडू लागतो, म्हणजे दोन्ही रॉकर एकाच वेळी डुलतात, त्या क्षणी पहिल्याचे दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतात आणि त्यांची गॅप बघता येते. पहिल्याचे डुलताना चौथ्याची, दुसऱ्याचे डुलताना तिसऱ्याची आणि तिसऱ्याचे डुलताना दुसऱ्याची. पाते रॉकर आणि दांडा यांमधून किंचित अडखळत, ओढ जाणवत सरकले पाहिजे. लॉक नट आवळताना स्क्रू थोडा फिरतोच, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजल्याशिवाय पुढच्या टॅपेटकडे जाऊ नये.

गॅप बरोबर बसवूनही तोच टॅपेट वाजत राहिला, तर रॉकरच्या टोकाचा तळ नीट पाहावा. वर्षानुवर्षे व्हॉल्व्हच्या दांड्यावर घासून तिथे उथळ खळगा पडलेला असतो. गेजचे सपाट पाते या खळग्याच्या कडांवर पूल बांधल्यासारखे टेकते आणि खळग्याची खोली त्याला कळतच नाही. मोजलेली गॅप बरोबर दिसते, खरी गॅप मात्र त्याहून मोठी असते. बोटाचे नख त्या टोकावरून फिरवले तर खळग्याची कड जाणवते. असा रॉकर बदलणे किंवा जाणत्या लेथवाल्याकडून त्याचे टोक योग्य घासून घेणे हाच उपाय. रॉकर वर-खाली हलवून त्याच्या बुशातला खेळ पाहावा आणि पुशरॉड काढून काचेवर लोळवून तो सरळ आहे का, तेही तपासावे.

टॅपेटचा आवाज बंद करण्यासाठी गॅप मुद्दाम कमी ठेवण्याची सवय काही गॅरेजांत आहे. तिला ठाम नकार द्यावा. गॅप नसेल तर गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हची उष्णता सीटमार्गे हेडमध्ये उतरत असल्याने न मिटलेला व्हॉल्व्ह जळून जातो. थोडी टकटक असलेले इंजिन वर्षानुवर्षे चालते. याच कारणाने, कधीकाळी वाजणारे टॅपेट काहीही न करता आपोआप शांत झाले तर आनंद मानू नये, लगेच गॅप मोजावी. भारतात २००० सालापासून शिसेविरहित पेट्रोलच मिळते. शिशामुळे व्हॉल्व्हच्या सीटला जे संरक्षण मिळत असे ते आता नाही. जुन्या, मऊ सीटांत एक्झॉस्ट व्हॉल्व्ह हळूहळू रुतत जातो, दांडा वर सरकतो आणि गॅप आपोआप बुजते.

एकेक सिलिंडर बंद करून पाहणे

खोल आवाजांसाठी हीच मुख्य चाचणी आहे. इंजिन पूर्ण गरम करावे. मग ते बंद करून पहिल्या सिलिंडरच्या प्लगची वायर काढावी आणि तिचे टोक एका क्लिपच्या वायरने ब्लॉकला पक्के जोडावे, म्हणजे करंट सुरक्षितपणे ब्लॉकमध्ये जातो आणि कॉइलवर ताण येत नाही. चालू इंजिनाच्या वायरी हाताने उपटण्याचा प्रकार टाळावा; झटका जोराचा बसतो आणि त्या दचकण्यात हात पंख्याकडे जाऊ शकतो. इंजिन सुरू करून, आवाज जिथे स्पष्ट येतो तेवढी रेस ठेवून ऐकावे, बंद करावे, वायर परत लावावी आणि पुढच्या सिलिंडरकडे जावे. प्रत्येक वेळी पाऊण मिनिटाहून जास्त चालवू नये, कारण न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन चेंबरमध्ये उतरते.

एखादा सिलिंडर बंद केल्यावर ठोका नाहीसा झाला किंवा बराच मऊ झाला, तर त्या सिलिंडरच्या कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग, म्हणजे बिग एंड, संशयित ठरते. बिग एंडचा ठोका कडक, धातूवर धातू आपटल्यासारखा असतो, आणि मध्यम रेसवरून अॅक्सिलरेटर अलगद सोडताना, इंजिन ना ओढत ना अडवत असलेल्या क्षणी, तो सर्वांत स्पष्ट उमटतो. पिस्टनच्या पिनचा आवाज त्याहून हलका व टोकदार असून स्लोवर अधिक ऐकू येतो. त्याचा सिलिंडर बंद केला तर तो जाण्याऐवजी बदलतो, पुष्कळदा एकाचे दोन ठोके होतात. मेन बेअरिंगचा आवाज सगळ्यांत खोल, ढबढब असा, पायाला जाणवणारा असतो. एक सिलिंडर बंद केल्याने त्यात फारसा फरक पडत नाही, शेजारचे दोन एकत्र बंद केले तर पडतो. चारांपैकी काहीही बंद करून आवाजात तसूभर फरक पडला नाही, तर पुन्हा टॅपेट, चेन किंवा बाहेरच्या वस्तूंकडे वळावे.

पिस्टन सिलिंडरच्या भिंतीवर आपटल्याचा आवाज वेगळा ओळखता येतो. तो सकाळी थंड इंजिनावर पोकळ, टपटप असा येतो आणि अॅल्युमिनियमचा पिस्टन तापून फुगला की पाच-सात मिनिटांत विरतो. खात्री करायची असेल तर त्या सिलिंडरचा प्लग काढून आत चमचाभर इंजिन ऑइल सोडावे, क्रँक दोन-चार वेळा फिरवावा, प्लग लावून इंजिन सुरू करावे. थोडा वेळ धूर येईल. त्या काळात आवाज मऊ झाला तर निदान पक्के. पूर्ण गरम झाल्यावर हा आवाज जात असेल आणि तेल जळत नसेल, तर लगेच बोअर करायला (सिलिंडर आतून घासून मोठे करायला) धावण्याचे कारण नाही. थंड इंजिन रेस न करता शांतपणे तापू द्यावे आणि मॅन्युअलमधल्या शिफारशीनुसार २०W-४० किंवा २०W-५० यांसारखे दाट तेल वापरावे.

टायमिंग चेन सैल झाली तर इंजिनाच्या पुढच्या कव्हरमागे खळखळ येते, स्लोवर आणि विशेषतः अॅक्सिलरेटर एकदम सोडल्यावर. चेन सैल होताना इग्निशनचे टायमिंगही डळमळते, त्यामुळे टायमिंग लाइटखाली पुलीवरची खूण एका जागी न राहता थरथरताना दिसते. ही खूण डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगांना पाळीने करंट वाटणाऱ्या भागाच्या) झिजलेल्या बुशानेही थरथरते, म्हणून डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट हाताने आडवा हलवून तो खेळ आधी वगळावा.

घाटातली किणकिण

बोरघाट किंवा खंबाटकी चढताना टॉप गिअरमध्ये पाय दाबला की काचेवर खडे पडल्यासारखी किणकिण येते आणि पाय सैल केला की थांबते, तर ते बेअरिंग नव्हे. सिलिंडरमधले मिश्रण वेळेआधी किंवा धक्क्याने पेटत आहे. तत्काळ खालचा गिअर टाकावा, कारण असेच दामटले तर पिस्टनला भोक पडते. घरी आल्यावर पॉइंटची (डिस्ट्रिब्युटरमधल्या करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टोकांची) गॅप आणि मग इग्निशनचे टायमिंग तपासावे, याच क्रमाने, कारण गॅप बदलली की टायमिंग सरकते. डिस्ट्रिब्युटरच्या आतली वजने गंजून अडकली आहेत का, त्यांच्या स्प्रिंगा ताणल्या आहेत का, हेही पाहावे. इथेनॉल स्वतः या किणकिणीला विरोध करते, परंतु शुद्ध पेट्रोलसाठी बसवलेल्या कार्बोरेटरमधून ते मिश्रण विरळ करते, आणि विरळ मिश्रण इंजिन तापवते. कार्बोरेटरमधून अधूनमधून फटाका वाजत असेल तर जेट बदलून घेण्याचा विचार करावा.

चेंबर उतरवण्याआधी

संशय बेअरिंगवर स्थिरावला असेल तर तेल स्वच्छ पांढऱ्या परातीत काढावे आणि उन्हात नेऊन पाहावे. काठाशी सोनेरी-तांबूस किंवा चंदेरी चमक दिसली तर तिच्यात फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक फिरवावे. चुंबकाला चिकटणारे कण लोखंडाचे, म्हणजे चेन, कॅम, टॅपेट किंवा रिंगांचे. न चिकटणारी चंदेरी चमक बेअरिंगच्या मऊ धातूची किंवा पिस्टनच्या अॅल्युमिनियमची, आणि तांबूस चमक दिसली तर बेअरिंगचा वरचा थर संपून आतला थर झिजू लागला आहे. अशा इंजिनाने घरापासून गॅरेजपर्यंतसुद्धा जाऊ नये. वेळीच थांबवले तर क्रँक थोडा घासून पुढच्या मापाची बेअरिंगे बसतात. आणखी काही किलोमीटर चालवले तर क्रँकवर खोल चरे पडतात, आणि पद्मिनीचा चांगला क्रँक आता सहज मिळत नाही.

मेकॅनिककडे गेल्यावर "इंजिनातून आवाज येतो" एवढेच सांगू नये. वहीतली नोंद वाचून दाखवावी: इंजिन गरम झाल्यावर, रेस सोडताना येतो, तिसरा सिलिंडर बंद केला की जातो, तेलाचा दाब गरम असताना इतका आला, टॅपेटची गॅप मोजलेली आहे. इंजिन उतरवण्यापूर्वी चेंबर काढून त्या एकाच रॉडचे बेअरिंग पाहण्याची विनंती करावी, आणि निघालेली जुनी बेअरिंगे, कोणत्या सिलिंडरचे कोणते हे लिहून, आपल्याकडे परत मागावीत.